घाटावरची अर्धी भाजी

"बेळगावची भाजी आली नाही, तर गोवा उपाशी राहील." हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आता त्याची म्हण झाली आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, सीमा बंद झाल्या, भाजीचे टेम्पो अडकले आणि गोव्यात साध्या भाजीसाठी ओढाताण झाली. तेव्हा जो तो हेच वाक्य घोळवत होता. त्यात खोटे काही नाही. पण माझी तक्रार निराळी आहे. बेळगावचे टेम्पो वेळेवर येतात त्या दिवशीही आपल्या ताटात अर्धीच भाजी येते. झाडाचा जो भाग आपण पैसे मोजून आणतो त्यापेक्षा जो भाग आपण वरच्या वर कापून टाकायला लावतो तो जास्त पौष्टिक असतो, आणि हे कळूनही आपल्याला त्याची लाज वाटत नाही. उलट पाला खाण्याची लाज वाटते!

वाचकहो, येत्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन स्वतःच बघा. एका बाजूला आपल्या बायका गावठी मुळ्याच्या पेंड्या घेऊन बसलेल्या असतात. मुळा बोटाएवढा आणि पाला हातभर. त्यांच्याकडून घेणारा माणूस पाल्यासाठीच घेतो. चार पावलांवर घाटावरचा मुळा. लांबलचक, पांढराशुभ्र, धुतलेला आणि मुंडके उडवलेला. नवलकोलाची पाने छाटून त्याचा चेंडू केलेला. फ्लॉवरच्या भोवतीची जाड हिरवी पाने खरवडून काढलेली, राहिलीच तर दुकानदार आपल्यादेखत मोडून पायाखालच्या टोपलीत टाकतो. बीट तर नुसते गोळे. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यांवर सवलतीच्या दरात मिळणारी भाजीही मोठ्या प्रमाणावर बेळगावहूनच येते. (सवलतीविरुद्ध मी काही बोलत नाही. माझ्यासारखा कारकून महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर त्याच रांगेत उभा असतो.)

पाला छाटतो म्हणून बेळगावच्या शेतकऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पाला जागा खातो, घाट उतरेपर्यंत सुकतो, ओला राहिला तर सडतो. मुळ्याला पाला तसाच ठेवला तर तो मुळ्यातले पाणी ओढून घेतो आणि मुळा पिळपिळीत होतो. शिवाय गिऱ्हाईकाला पाला नकोच असतो. गिऱ्हाईक म्हणजे कोण? आपण. तेव्हा हा वाद बेळगावशी नाही, आपल्याशी आहे.

आता आकडे. मी कला शाखेचा पदवीधर, त्यामुळे आकड्यांना जरा घाबरूनच असतो; पण हे आकडे सरकारी आहेत आणि सरकारी कागद वाचणे हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक तयार केले, ते कित्येक वर्षे देशभर प्रमाण मानले गेले. त्यात शंभर ग्रॅम पांढऱ्या मुळ्यात कॅल्शियम आहे ३५ मिलिग्रॅम, आणि मुळ्याच्या पाल्यात २६५. फ्लॉवरच्या गड्ड्यात ३३, त्याच्या पानांत ६२६. बिटात १८ च्या आसपास, बिटाच्या पानांत ३८०. तांबड्या भोपळ्यात १०, भोपळ्याच्या पानांत ३९२. शेवग्याच्या शेंगेत ३०, पाल्यात ४४०. २०१७ साली याच संस्थेने नव्याने तपासणी करून नवे कोष्टक काढले. त्यात शेवग्याच्या पाल्याचा आकडा ३१४ वर आला. येऊ दे. शेंगेच्या तो अजूनही कितीतरी पट आहे. प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते असे २०२० ची सरकारी शिफारस सांगते. आता हिशेब ज्याचा त्याने करावा.

असे का होते, हे मला शेतकी शिकलेल्या एका मित्राने दोन वाक्यांत समजावले. कॅल्शियम मुळांनी शोषलेल्या पाण्याबरोबर वर चढते, पानांतून पाण्याची वाफ होऊन जाते आणि कॅल्शियम पानातच बसून राहते. ते परत खाली उतरत नाही. पानात तयार झालेली साखर मात्र खाली उतरते आणि कंदात, मुळात साठते. म्हणजे मुळा, बीट, रताळे ही झाडाची कोठारे, आणि पान हा झाडाचा कारखाना. आपण कोठार विकत घेतो आणि कारखाना उकिरड्यावर टाकतो. कोठार वाईट असे नाही. रताळ्यातली पिष्टमय साखर, बिटाचा रंग, मुळ्याचा रस यांचे गुण आहेतच. पण एकाच झाडाचे मूळ एक देते, पान दुसरे देते, फूल-शेंग तिसरे आणि बी चौथे. बियांत तेल आणि प्रथिने, पानांत कॅल्शियम, क जीवनसत्त्व आणि डोळ्यांना लागणारे कॅरोटीन. मेथीचे पान आणि मेथीचा दाणा हे एकाच झाडाचे, पण त्यांचे स्वयंपाकघरातले काम एक नाही, हे आपल्या आजीला ठाऊक होते. (एक गोष्ट मात्र खरी. बिटाच्या पानांत आणि पालकात ऑक्झलेट फार असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि शरीराला थोडेच मिळू देते. मुळा, नवलकोल, फ्लॉवर यांच्या पाल्यात ही अडचण फारशी नाही. म्हणजे बिटाचा पाला गेला तर एक वेळ ठीक, मुळ्याचा टाकणे हा शुद्ध करंटेपणा.)

मग आपण पाला का टाकतो? "ते गुरांचे खाणे" म्हणून. आमच्या कार्यालयात दुपारी डबे उघडतात तेव्हा पनीर, कोबी, भेंडी यांना मान असतो. मुळ्याच्या पाल्याची भाजी निघाली की कोणीतरी हमखास विचारतो, "काय, महिनाअखेर आली वाटते?" हसण्यावारी जाते. पण या हसण्यात पोषणशास्त्र नाही, प्रतिष्ठा आहे. पाला म्हणजे गरिबी, पाला म्हणजे खेडे, पाला म्हणजे "घाटी". हा शब्द आपण गोव्यात किती सहज वापरतो! ज्यांच्या शेतातली भाजी रोज आपल्या चुलीवर चढते त्यांनाच आपण घाटी म्हणतो, आणि ते जे खातात ते मात्र आपल्याला खालच्या दर्जाचे वाटते.

माझी सासुरवाडी निपाणीजवळच्या एका खेड्यात आहे. आंबोली, आजरा, उत्तूर करत निपाणीला उतरलो की माती काळी होते, भाषेला कोल्हापुरी ठसका येतो आणि दुकानांच्या पाट्यांवर कानडी अक्षरे दिसू लागतात. सीमाप्रश्नाबद्दल इथे लिहीत नाही, सरकारी नोकराने त्यात पडू नये. पण ताटापुरते बोलायला हरकत नसावी. त्या ताटात मी जे पाहिले ते आमच्या पणजीच्या कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या फलकावर लिहिलेले पाहिले नाही.

हरभऱ्याचे घ्या. आपल्याला हरभरा म्हणजे वाण्याकडचा कोरडा दाणा. तिकडे हरभऱ्याचे रोप वीतभर झाले, फुलावर यायच्या आधी, की बायका शेतात जाऊन त्याचे कोवळे शेंडे खुडतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावे, उभ्या पिकाची नासाडी चालली आहे. सासूबाईंना मी तसे विचारलेही. त्या म्हणाल्या, "पावणं, शेंडा खुडल्याबिगर झाड फुटत न्हाई. खुडलं म्हंजे फांद्या वाढत्यात, फांद्या वाढल्या म्हंजे घाटं वाढत्यात. आनि खुडल्याली भाजी फुकट!" शेतकी पुस्तकेही हेच सांगतात. शेंडा मोडला की बाजूच्या फांद्या फुटतात, फुले-घाटे जास्त लागतात. भाजी हे पीकवाढीचे उपउत्पादन! आणि ती भाजी कसली? त्याच जुन्या कोष्टकात हरभऱ्याच्या पाल्यात शंभर ग्रॅमला ७ ग्रॅम प्रथिने आणि ३४० मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. पालेभाज्यांत इतकी प्रथिने असणाऱ्या भाज्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारख्या.

ही भाजी चवीला अंगचीच आंबट असते, कारण हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. पूर्वी पहाटे पिकावरून फडके फिरवून ती आंब पिळून ठेवत, औषधाला. भाजी बारीक चिरायची, शिजवून घोटायची, त्यात ज्वारीच्या कण्या किंवा तुरीची डाळ घालायची आणि वरून लसूण-मिरचीची फोडणी. भाकरी कुस्करून खायची. उरलेला पाला सावलीत वाळवून ठेवायचा, तो उन्हाळ्यात निघतो, जेव्हा रानात हिरवे काही नसते. आपण सुके बांगडे पावसाळ्यासाठी भरून ठेवतो तसेच. हरभऱ्याच्या त्याच झाडाचे पुढे हिरवे घाटे सोलून खायचे, होळा भाजायचा, मग दाणे, मग डाळ, मग पीठ. आणि भुसकट गुरांना. गुरांना काय द्यायचे हे तिथे शेवटी ठरते, आपल्याकडे पहिल्याच फटक्याला.

करडईचेही तसेच. चिकोडी-रायबागच्या पुढे काळ्या रानात ज्वारीच्या कडेने करडईच्या ओळी असत, कारण मोठी झाल्यावर तिला काटे येतात आणि मग गुरे आत शिरत नाहीत. पेरणी दाट होते, म्हणून विरळणी करतात. उपटलेली कोवळी रोपे म्हणजे करडईची भाजी. काटे यायच्या आत ती खाऊन मोकळे व्हायचे. पुढे त्याच झाडाच्या बियांचे तेल निघते. म्हणजे कुंपण, भाजी आणि तेल, तिन्ही एकाच झाडापासून. आपल्याकडे नारळाला कल्पवृक्ष म्हणतात, त्याबद्दल वाद नाही. पण करडईला निदान एक साधा नमस्कार तरी!

आणखी पूर्वेला, बैलहोंगल-सौंदत्तीकडे गेलात तर ज्वारीच्या भाकरीबरोबर जे ताट येते ते जरा नीट मोजून बघा. भाकरी हे बी. जवसाची, कारळ्याची, शेंगदाण्याची चटणी, हीही बियाच. शेजारी कच्ची मेथी, कांद्याची पात, हक्करकीची पाने आणि पाल्यासकट मुळा. वांग्याची भाजी म्हणजे फळ. पुंडी, म्हणजे आपली अंबाडी, ती पान. एका जेवणात मूळ, पान, फळ, बी सगळे आले, आणि पाने कच्ची असल्यामुळे क जीवनसत्त्व शिजून गेले नाही. हे ताट कोणा आहारतज्ज्ञाने आखलेले नाही. कानडी बोलणारी बाई त्याला कडली पल्ल्या, पुंडी पल्ल्या म्हणते, मराठी बोलणारी हरभऱ्याची भाजी, अंबाडी म्हणते. बेळगावच्या गणपत गल्लीत या दोघी एकमेकींना खेटून बसतात आणि दोघींच्याही टोपलीवर "जवारी" हा एकच शब्द चालतो. जवारी म्हणजे आपले "गावठी".

आता कोणी म्हणेल, कारकुनाला खेड्याचा पुळका आला. अजिबात नाही. पाला खाणारे सगळे आवडीने खात होते असे मी म्हणत नाही. डाळ परवडत नव्हती म्हणूनही खात होते. आणि निपाणीची खरी श्रीमंती ज्या पानातून आली ते पान तर खाण्याचे नव्हेच, तंबाखूचे! त्याचाही शेंडा खुडतात, पाने जाड व्हावीत म्हणून. त्याच पानाच्या भावासाठी १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे शेतकरी महामार्गावर बसले आणि पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. एका शिवारात दोन पिकांचे शेंडे खुडले जात. एक पान ताटात यायचे, दुसरे विडीत. पैसा दुसऱ्यात होता. ज्या बायकांनी विड्या वळल्या त्यांच्या ताटात पहिले होते.

तेही आता कमी झाले आहे. सोयाबीन आले, ऊस तर होताच. भांगलायला जाणाऱ्या बायका पूर्वी तण उपटता उपटता पाथरी, तांदुळजा, चाकवत, घोळ पदरात घालून आणत. तण आणि भाजी यांत फरक एवढाच की एक टाकायचे आणि एक शिजवायचे. आता तणनाशकाचा एक पंप मारला की दोन्ही एकदम जळते. मजुरी वाचते हे खरे, आणि उन्हात वाकून भांगलणाऱ्या बाईची पाठ वाचते हेही खरे. पण संध्याकाळची फुकट भाजी गेली, तिच्या बदल्यात दुकानातला कोबी आला, याची नोंद शेतीच्या कुठल्या हिशेबात धरली जाते? २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून भारताच्या पुढाकाराने जगभर साजरे झाले. ज्वारीची बिस्किटे निघाली, ज्वारीचे लाडू निघाले. ज्वारीच्या ताटातली पाने मात्र कोणाला आठवली नाहीत, कारण त्यांची बिस्किटे होत नाहीत.

बेळगावच्या पश्चिमेला रताळ्यांची मोठी लागवड आहे. तिथली रताळी दूरदूरच्या बाजारांत जातात, उपासाला आपणही आणतो. त्या रताळ्यांचा वेल कोण खाते? म्हशी. फिलिपिन्समध्ये, तैवानमध्ये, आफ्रिकेच्या कित्येक देशांत रताळ्याच्या वेलाचे कोवळे शेंडे ही नेहमीची भाजी आहे. आपल्याच कोष्टकात रताळ्याच्या पाल्याला ३६० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ४ ग्रॅमच्या वर प्रथिने आहेत. रताळ्यात कॅल्शियम ४६ आणि प्रथिने सव्वा ग्रॅमसुद्धा नाहीत. म्हशींच्या दुधाबद्दल बेळगावकरांना अभिमान आहे तो उगीच नाही!

इथे एक अडचणीची गोष्ट मीच सांगून टाकतो, नाहीतर प्रतिक्रियांत कोणीतरी ती माझ्या तोंडावर फेकेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३९ टक्के रक्तक्षयी निघाल्या, आणि कर्नाटकात जवळजवळ ४८ टक्के. मग पाला खाणाऱ्यांचे काय झाले? झाले असे की पाल्यातले लोह शरीरात फार थोडे शिरते. त्याच्याबरोबर लिंबू, आवळा, कोकम, कच्चा कांदा-टोमॅटो असे आंबट काही असले तर जास्त शिरते, आणि जेवणावर लगेच कडक चहा ढोसला तर आहे तेही वाया जाते. शिवाय बाळंतपणे, जंत, अर्धपोटी काम हे सगळे आहेच. नुसता पाला खाऊन रक्त भरते असे सांगणारा माणूस खोटे बोलतो. पण ३९ टक्के म्हणजे दर पाच बायकांतल्या दोन, आणि आधीच्या पाहणीपेक्षा हा आकडा चढलेला आहे. अशा राज्यात पाल्याची थट्टा करणे मला परवडणारे वाटत नाही.

खोटे बोलणाऱ्यांवरून आठवले. जो पाला आपण गुरांचा म्हणून टाकला तोच आता डबीत भरून "मोरिंगा" होऊन परत आला आहे. मोरिंगा म्हणजे आपला शेवगा, आपला मस्को! काही शे रुपये मोजून लोक ती हिरवी भुकटी आणतात आणि सकाळी कोमट पाण्यातून घेतात. डबीवर लिहिलेले असते, दुधाच्या सतरा पट कॅल्शियम. आकडा खोटा नाही, हिशेब लबाड आहे. भुकटी म्हणजे पाणी काढून टाकलेला पाला, दूध म्हणजे जवळजवळ सगळे पाणी. शंभर ग्रॅम भुकटीत २००० मिलिग्रॅम कॅल्शियम धरले तरी शंभर ग्रॅम भुकटी खाणार कोण? एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम घेतलीत तर मिळाले १००. पेलाभर गाईच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त असते. आणि परसातल्या झाडाचा पन्नास ग्रॅम ताजा पाला ओले खोबरे घालून परतलात तर नव्या, कमी आकड्यानेही दीडशेच्या वर. शिवाय खोबऱ्यातली चरबी त्यातल्या कॅरोटीनला अंगी लागायला मदत करते, जी कोमट पाणी करत नाही. कला शाखेच्या माणसालाही एवढे त्रैराशिक येते.

दुसरी एक जात आहे, "झाडाचा प्रत्येक भाग खा" असे संदेश पहाटे पाच वाजता मोबाईलवर पाठवणाऱ्यांची. त्यांच्यापासून जपा. बेळगावात रताळे पिकते तसा बटाटाही पिकतो, आणि दोन्ही जमिनीखालून निघतात म्हणून त्यांचा पाला सारखा समजू नका. रताळ्याचा पाला भाजी, बटाट्याचा पाला विष. हिरवा पडलेला, कोंब फुटलेला बटाटाही टाकावा. टोमॅटोची, वांग्याची पाने खायची नसतात. दुधी चिरताना कडू लागला तर त्याचा रस पिऊ नये, त्याने माणसे दगावली आहेत. अळू चिंच-कोकमाशिवाय शिजवले तर घसा कसा खाजतो हे गोव्यात कोणाला सांगायला नको. ज्याला मूतखड्याचा त्रास आहे त्याने पालक, बिटाची पाने आणि अळू डॉक्टरांना विचारून खावे. कुठला भाग खायचा, कधी खायचा, कशाबरोबर खायचा हेच तर शहाणपण. "सगळे खा" हे शहाणपण नव्हे.

खरा आक्षेप एकच आहे आणि तो मी मान्य करतो. फवारणी. फ्लॉवर-कोबीवर औषधांचे फवारे बसतात ते आधी बाहेरच्या पानांवर. निपाणीकडे जुन्या बायका सांगत, हरभऱ्याची भाजी धुवायची नाही, आंब निघून जाते. तो काळ फवारणीचा नव्हता. आता वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुतल्याशिवाय शिजवू नये, आंब गेली तर जाऊ दे. आणि घाटावरून आलेल्या फ्लॉवरची बाहेरची पाने खा, असे मी छातीठोकपणे कोणाला सांगणार नाही.

म्हणूनच पाला जवळचा हवा. फळभाजी, कंद, कांदा घाट उतरून येऊ देत. त्यांना प्रवास सोसतो. पानांना सोसत नाही, तोडल्यापासून तासातासाला त्यांचे क जीवनसत्त्व उतरत असते. पाने गोव्याने गोव्यात पिकवावीत. आणि हे आपल्याला नवीन आहे का? पावसाळ्यात तायकिळा, तेरे, कुड्डूक आपल्या दारात उगवते. फणसाचे कुवले, गरे आणि आठळ्या, केळीचे बोंड आणि खांबाचा गाभा, एकाच झाडाचे तीन-तीन भाग रांधणारे लोक आपण. गोकुळाष्टमीला मस्काची भाजी आपल्यातल्या कित्येक घरांत अजूनही चुकत नाही. पण वर्षातून एकदा देवासाठी खायचे आणि बाकीचे दिवस झाडाखाली पडलेला पाला झाडूने लोटायचा, याला काय म्हणावे?

शाळांच्या माध्यान्ह आहारात स्वयंसहाय्य गटाच्या बायका मुलांना पाव-भाजी देतात. त्या भाजीत मूठभर मस्काचा पाला बारीक चिरून घातला तर मुलांना कळणारही नाही. त्यासाठी निविदा नको, टेम्पो नको, चोर्ला घाट नको. शाळेच्या आवारात शेवग्याची फांदी खोचली की ती लागते. फलोत्पादन महामंडळ स्थानिक शेतकऱ्यांकडून भाजी घेतेच. त्यात गावठी मुळ्याची पेंडी पाल्यासकट, तांबडी भाजी आणि भोपळ्याची पाने यांना रोजची जागा मिळाली तर ताळगाव-हळदोण्याच्या बायकांनाही चार पैसे मिळतील. मी हे कार्यालयीन टिपणी म्हणून लिहीत नाही, तसे लिहिले तर फाईल कुठे जाईल ते मला चांगले ठाऊक आहे.

तोवर घरच्या घरी करायचे असेल तर सोपे आहे. बेळगावचे एक रताळे आणा आणि उपासाला न उकडता कोपऱ्यात ठेवा. कोंब फुटले की त्याचा तुकडा कुंडीत किंवा परसात पुरा, आडवा, दोन बोटे मातीखाली. दीड-दोन महिन्यांत वेल पसरतो. टोकाची चार-पाच कोवळी पाने देठासकट खुडायची, धुवायची, लसूण आणि सुक्या मिरचीवर परतायची आणि उतरवताना ओले खोबरे. पाणी घालू नका, अंगचेच पुरते. खुडलेल्या जागी आठवड्याभरात दोन नवे शेंडे येतात.